आधी उतार, मग चढ : आई-बाबांबरोबर सिल्व्हर फॉल्स

ओलीवाट (धागाकर्ती)

मागच्या महिन्यात इथे कुणीतरी विचारलं होतं, ‘सत्तरीच्या आई-वडिलांना पोर्टलंडच्या आसपास चालायला कुठे नेता येईल?’ तिथे दोन ओळी खरडायला बसले आणि ते प्रकरण इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते.

आम्ही अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या लगत बीव्हर्टनला राहतो. सासू-सासरे एप्रिलमध्ये संगमनेरहून आले. (इथून पुढे आई आणि बाबा.) आई ६६, बाबा ७२. आईंचं माहेर अकोले तालुक्यातलं. लहानपणी शेळ्यांमागे डोंगर तुडवलेले, त्यामुळे पाय अजून खणखणीत. बाबा आयुष्यभर पेढीवर बसले, त्यांचा उजवा गुडघा जिना बघितला की कुरकुरतो. लेक आठ वर्षांची. तिला चालायचा कंटाळा नाही, पण ‘अजून किती?’ हा प्रश्न दर तीन मिनिटांनी.

पहिले दोन आठवडे ‘इथे रस्त्यावर माणसं कशी दिसत नाहीत गं?’ यात गेले. मग मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला सगळ्यांना गाडीत कोंबलं. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लेकीसाठी गूळतूप-पोळीची गुंडाळी आणि थर्मासमध्ये चहा. बाबांनी घरातूनच माकडटोपी घातली. तपकिरी, लोकरीची, तीस वर्षं जुनी. नवरा म्हणाला, ‘बाबा, मे आहे.’ बाबा म्हणाले, ‘तुमचा मे आहे. माझा नाही.’ बाहेर नऊ-दहा अंश होतं, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

सिल्व्हर फॉल्स हे ओरेगॉनचं सगळ्यात मोठं स्टेट पार्क. सेलमच्या पूर्वेला, आमच्याकडून सव्वा-दीड तास. दिवसाच्या पार्किंगचे १० डॉलर. सिल्व्हर क्रीक नावाच्या ओढ्याच्या दोन शाखा, उत्तर आणि दक्षिण, इथे एका घळीत एकत्र येतात. त्या घळीतून नदीकाठाने जाऊन वरच्या कड्यावरून परत येणारी गोल वाट आहे, ‘ट्रेल ऑफ टेन फॉल्स’. साधारण साडेअकरा किलोमीटर आणि दहा धबधबे. घाबरू नका, मधून बाहेर पडायच्या वाटा आहेत. वयस्क माणसांना न्यायला हे ठिकाण चांगलं ते याचसाठी. सुरुवातीचे दोन धबधबे बघून मेपल रिज नावाच्या वाटेने वर आलात तर चारेक किलोमीटर होतात. विंटर फॉल्सच्या फाट्याने बाहेर पडलात तर आठेक. पूर्ण फेरी ज्याच्या त्याच्या हौसेवर.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून ठळक सांगते. हा ट्रेक उलटा आहे. आपल्याला गडाची सवय. सकाळी ताज्या पायांनी चढायचं, दुपारी गप्पा मारत उतरायचं. इथे गाडी वर लावतात आणि आधी दरीत उतरतात. उतरताना सगळे राजे. बाबासुद्धा ‘काही विशेष नाही’ म्हणत होते. पण उतरलेलं सगळं व्याजासकट चढावं लागतं, तेही शेवटी, पोटात पुऱ्या असताना.

पहिलाच साउथ फॉल्स. १७७ फूट म्हणजे चोपन्न मीटर. वरून दिसतो तेव्हा ‘छान आहे’ एवढंच वाटतं. वाट कड्याच्या पोटाने उतरत जाते आणि एका वळणानंतर लक्षात येतं की ती धबधब्याच्या समोर नाही, मागे चालली आहे. कडा आत खोल कोरला गेला आहे, वर कातळाचं छत, पायाखाली ओली माती, आणि डाव्या हाताला पाण्याचा पडदा. आवाज इतका की बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. लेक पडद्याकडे हात करून नुसती उभी होती. आई म्हणाल्या, ‘आमचा रंधा धबधबा एवढाच आहे. पण त्याच्या पाठीमागं कुणी जाऊ देतंय व्हय!’

बाबांचा गुडघा इथेच बोलायला लागला. धबधब्याच्या खालचा पूल ओलांडून वर जाणारी वाट आहे, जेमतेम दीड किलोमीटरची फेरी. नवरा आणि बाबा तिथून परत फिरले. वर १९३०च्या दशकातलं दगड-लाकडाचं लॉज आहे, मोठी शेकोटी, कॉफी मिळते. ठरलं असं : आम्ही तिघी घळीतून विंटर फॉल्सच्या फाट्यापर्यंत जाणार, तिथून वर येऊन कड्याच्या वाटेने परत. दोन वाजता शेकोटीपाशी भेट. घळीत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ठरवायचं ते आधीच.

लोअर साउथ फॉल्स जिन्याने उतरून. हाही मागून बघता येतो, इथे सगळ्यात जास्त भिजलो. मग वाट नदीच्या कडेने सपाट होते आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. धबधब्यांचे फोटो सगळीकडे सापडतात, या दोनेक किलोमीटरचे कुणी काढत नाही. डग्लस फरचे खांब सरळ वर गेलेले. मेपलच्या फांद्यांवर शेवाळ्याच्या दुलया, त्या दुलईवर परत नेचे उगवलेले. पाणी काळ्या गोट्यांवरून खळाळत चाललेलं, कुठे मध्येच डोहात हिरवं होऊन थांबलेलं. ट्रिलियमची पांढरी तीन पाकळ्यांची फुलं जुनी होऊन जांभळट पडली होती.

आई अचानक खाली बसल्या. मला वाटलं चक्कर. त्यांनी जमिनीवरचं एक पान उचललं. ‘अगं, ही आंबुशी!’ तीन बदामांचं पान, फक्त आपल्याकडच्यापेक्षा चौपट मोठं. मी नको म्हणेपर्यंत तोंडात टाकलंसुद्धा. ‘तीच. आंबट.’ नंतर घरी शोधलं. ऑक्झालिसच, आपल्या आंबुशीच्याच कुळातली. त्यानंतर आईंचं त्या जंगलाशी नातं बदललं. आधी त्या पाहुण्या होत्या, आता प्रत्येक झाडापाशी चौकशी सुरू. ‘हे कशाला वापरतात? गुरं खातात का?’ मला शंभरातलं एक सांगता येईना.

लोअर नॉर्थ, मग एका फाट्यावर आत डबल फॉल्स (दोन टप्प्यांत पडतो, १७८ फूट, म्हणजे साउथपेक्षा एका फुटाने उंच), मग बुटका ड्रेक फॉल्स, मग मिडल नॉर्थ. त्याच्या मागे जायला छोटी आडवाट आहे. ओलसर, अरुंद, पण चुकवू नका. लेकीने एक वही आणली होती, प्रत्येक धबधब्याचं चित्र आणि पुढे गुण. ड्रेकला दहापैकी तीन मिळाले.

एकच्या सुमाराला फाट्यावर पोचलो. दगडावर बसून दशम्या खाल्ल्या. आणि आई म्हणाल्या, ‘पुढं किती राहिलेत?’

दोन. ट्विन आणि नॉर्थ. नॉर्थ फॉल्सपर्यंत अडीच किलोमीटर आणि तिथून वर नॉर्थ फॉल्सचं वेगळं पार्किंग.

‘मग जाऊ की. मी काही परत ओरेगॉनला येत नसते.’

आता इथे बाबा दोन वाजता शेकोटीपाशी बसणार, रेंज नाही, आणि बाबांचा स्वभाव असा की पाच मिनिटं उशीर झाला की ते पोलिसात जायचा विचार करतात. मी नाही म्हणत होते. तेवढ्यात शेजारच्या दगडावरचं एक म्हातारं जोडपं उठलं. ते विंटर फॉल्सने वर जाऊन साउथ फॉल्सलाच निघाले होते. लेकीच्या वहीचं पान फाडलं आणि पेन्सिलीने मराठीत लिहिलं : ‘आम्ही तिघी ठीक. आईंना पुढे जायचंय. गाडी नॉर्थ फॉल्सच्या पार्किंगला आणा. तीनपर्यंत पोचतो.’ कुणाला द्यायची, तर लेकीने मागच्या बाजूला माकडटोपीचं चित्र काढून दिलं. त्या आजींना भारी गंमत वाटली. म्हणाल्या, हा माणूस आम्हाला नक्की सापडेल.

ट्विन फॉल्स झाला. आईंची धाप वाढली होती, पण बोलणं चालू होतं, म्हणजे ठीक. माझा मात्र चिठ्ठीत जीव अडकलेला. पावणेतीनला नॉर्थ फॉल्सच्या खाली आलो. इथली धबधब्यामागची कपार सगळ्यात मोठी आहे, छताखाली अख्खं लग्न बसेल. पाण्याच्या पडद्यामागे अंधारात एक आकृती कातळाला टेकून उभी. गोल डोकं, कान झाकलेले.

नवऱ्याने सांगितलं ते असं. त्या आजी लॉजमध्ये शिरल्या, एकदा चित्राकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि काही न बोलता कागद पुढे केला. पार्किंगला पोचल्यावर बाबा म्हणाले, ‘इथून धबधबा किती लांब? तेवढा उतरतो.’ गुडघ्याला पट्टा बांधून पायऱ्या उतरून आले होते. आई आल्यावर एवढंच म्हणाले, ‘चहा उरलाय का?’

शेवटचा चढ सगळ्यांनी मिळून, दर दहा पायऱ्यांना थांबत. गाडीत बसल्यावर पाचव्या मिनिटाला तिघे घोरत होते.

प्रश्न असतील तर विचारा. आणि अशा ‘उलट्या’ वाटा तुमच्याकडे कुठल्या आहेत तेही लिहा.

---

पोटोबा_बदलापूर

वाह! पुऱ्यांचा उल्लेख पहिल्या चार परिच्छेदांत आल्यामुळे पूर्ण वाचला. दशम्या दुधातल्या की गुळाच्या?

---

ओलीवाट

गुळाच्या. चार दिवस टिकतात म्हणून. त्या दिवशी चार तास टिकल्या नाहीत.

---

घाटवाट्या

लेख मस्त, पण थोडं टोचतो, राग मानू नका. वीस वर्षं लोकांना सह्याद्रीत फिरवतोय म्हणून बोलतो.

चिठ्ठी पोचली म्हणून गंमत झाली. त्या जोडप्याने मध्येच विचार बदलला असता, आजोबा त्या वेळी स्वच्छतागृहात असते, किंवा शेकोटीच्या उबेत टोपी काढून बसले असते, तर? तुम्ही तीनला नॉर्थ फॉल्सवर, गाडी साउथवर, तुमच्याबरोबर दमलेली सासू आणि लहान मूल, आणि कड्याच्या वाटेने परतायचे आणखी चार किलोमीटर. तिकडे आजोबांनी बचाव पथक बोलावलेलं.

तुकडी फुटणार असेल तर निघतानाच दोन वाक्यं बोलायची. ‘दोनपर्यंत आलो नाही तर आम्ही पुढे गेलो असं समजा, तीनला अमुक ठिकाणी या. चारपर्यंत तिथेही नाही, तर मदत बोलवा.’ बस. रेंज नसलेल्या ठिकाणी बेत बदलायचा हक्क फक्त आधी ठरवलेल्या पर्यायापुरता.

---

ओलीवाट

राग कसला, बरोबरच आहे. त्या अडीच किलोमीटरमध्ये मी हेच स्वतःला ऐकवत होते. ट्विन फॉल्स कसा होता ते मला आज आठवत नाही, इतकं. पर्याय आधी बोललो असतो तर तोही बघून झाला असता.

---

खडकमास्तर

मी कॉलेजात भूगोल शिकवायचो, आता निवृत्त. धबधब्याच्या मागे जाता का येतं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, म्हणून न विचारता सांगतो. सवय.

ओलीवाट, तुम्ही ज्या काळ्या कातळाखाली उभ्या होतात तो बेसॉल्ट. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर एकावर एक आले, त्यातलाच हा थर. त्याच्या खाली जुने, मऊ गाळाचे खडक आहेत. पाणी वरच्या कठीण थराला फारसं खाऊ शकत नाही. पण खाली तुषार, पाझर, हिवाळ्यातलं गोठणं-वितळणं यांनी मऊ थर भुगा होऊन गळून जातो. वरचं छत तसंच राहतं, खाली पोकळी होते. मग छताचा एखादा तुकडा कोसळतो आणि धबधबा काही फूट मागे सरकतो.

आता आपला सह्याद्री. तोही बेसॉल्ट, तोही लाव्हाच्या पुरांचा, फक्त वयाने चौपटीहून मोठा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आपल्याकडे दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा, मऊ पट्टा दिसतो. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात बघा, विटकरी रेघ असते. एका लाव्हाप्रवाहाचा वरचा भाग भाजला, झिजला, त्यावर पुढचा प्रवाह आला, त्याची ती खूण. कड्यांना जे टप्पे दिसतात ते या कठीण-मऊ थरांमुळे.

आणि धबधब्यामागे जायचंच असेल तर पावसाळ्यात कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांत जा. वरच्या कड्यावरून पाणी लेण्यांच्या तोंडापुढे पडतं, तुम्ही आत कोरड्यात. वेरुळच्या २९व्या लेण्याशेजारीही तसाच पडतो. आपल्याकडे छत पाण्याने कोरायची वाट बघितली नाही, माणसांनी छिन्नीने कोरलं, एवढाच फरक.

---

ओलीवाट

मास्तर, आता कळलं! नॉर्थ फॉल्सच्या छतात गोल गोल भोकं होती, विहिरीसारखी वर गेलेली. नवरा म्हणाला पाण्याने पडली असतील.

---

खडकमास्तर

पाण्याने नाही, झाडांनी! ती झाडांच्या खोडांची जागा आहे. लाव्हा आला तेव्हा तिथे उभं जंगल होतं. लाव्हाने खोडाला वेढा घातला, थिजला, खोड जळून-कुजून गेलं, साचा उरला. म्हणजे तुमच्या आईंनी खाली आंबुशी ओळखली तेव्हा डोक्यावर दीड कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे ठसे होते. लेकीला हे सांगा, गुण देईल.

---

ओलीवाट

सांगितलं. नॉर्थ फॉल्सचे दहाचे बारा झाले.

---

सडेतोड

सगळं छान. पण असं वाचलं की चिडचिड होते. तिकडे कठडे, पाट्या, नकाशे, स्वच्छ वाट. इकडे धबधबा म्हटलं की वेफर्सची पाकिटं, स्पीकर, फुटक्या बाटल्या. आपल्या लोकांना निसर्ग झेपतच नाही.

---

जुनी_सेलमकर

@सडेतोड, मी सेलमला १४ वर्षं होते, आता नाशिकला परत आलेय. सिल्व्हर फॉल्सचा इतिहास ऐका, मग चिडा.

ते जंगल लाकूडतोड्यांनी जवळपास सपाट केलं होतं. १९२६मध्ये राष्ट्रीय उद्यान करायचा प्रस्ताव गेला तर पाहणीला आलेल्या माणसाने नकार दिला. कारण काय, तर जिकडेतिकडे नुसते कापलेल्या झाडांचे बुंधे. त्याच काळात साउथ फॉल्सची जागा एका खासगी माणसाकडे होती. तो लोकांकडून पैसे घेऊन जुन्या मोटारगाड्या धबधब्यावरून खाली ढकलून दाखवायचा! १९२८मध्ये अल फॉसेट नावाचा एक धाडसी गडी कॅनव्हासच्या होडीत बसून त्याच धबधब्यावरून खाली आला. जखमी झाला, पण वाचला. हे सगळं तिकीट लावून, जत्रेसारखं.

त्यावर जून ड्रेक नावाचा सिल्व्हर्टनचा एक फोटोग्राफर (पुरुष बरं का) वर्षानुवर्षं धबधब्यांचे फोटो काढून लोकांना दाखवत राहिला, ही जागा वाचवा म्हणून. ओलीवाटच्या लेकीने ज्याला तीन गुण दिले तो ड्रेक फॉल्स त्याच्याच नावाचा. १९३३मध्ये स्टेट पार्क झालं. मग महामंदीत बेकार झालेल्या तरुणांना सरकारने कामाला लावलं, त्यांनी वाटा, दगडी कठडे, ते लॉज बांधलं. आज दिसणारं बरंचसं जंगल नंतर वाढलेलं आहे.

तेव्हा लोक तेच होते हो. वर्षानुवर्षं कुणीतरी हट्टाने मागे लागलं, आणि मजुरी देऊन काम करून घेतलं.

---

सडेतोड

गाड्या ढकलायचे??? हे माहीत नव्हतं. मागे घेतो. अर्धं मागे घेतो. स्पीकरवाल्यांबद्दल मत कायम.

---

निमाताई_माणगाव

आमच्या जवळचा देवकुंड धबधबा सांगते. भिऱ्याहून वाट सुरू होते. आधी धरणाच्या पाण्याच्या कडेने सपाट, मग दाट झाडी, ओढे ओलांडायचे, शेवटी दगडांतून थोडा चढ आणि समोर कुंड. हीसुद्धा नदीकाठची जंगलवाटच, पण ओलीवाटसारखी उलटी नाही. पाणी निळंहिरवं दिसतं म्हणून पोरं उड्या मारायला जातात. मारू नका. कुंड खोल आहे आणि वरून दगडही येतात.

महत्त्वाचं : भर पावसाळ्यात तिथे प्रशासनाची बंदी असते. लोक म्हणतात, धबधबा पावसाळ्यातच बघायचा, मग बंदी कशाला? जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना कमरेएवढा होतो, म्हणून. कुटुंबाला घेऊन जायचं तर पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. गावातला वाटाड्या घ्या आणि जेवण गावातल्याच घरी सांगा. भाकरी, पिठलं, ठेचा.

---

पोटोबा_बदलापूर

@निमाताई, शेवटचं वाक्य आधी लिहायचं ना.

---

घाटवाट्या

निमाताईंनी विषय काढलाच आहे तर पोराबाळांबरोबर जाणाऱ्यांसाठी लिहितो. २०२४च्या जूनअखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, पण नेमकं काय झालं ते फार थोड्यांनी समजून घेतलं. ते खोल पाण्यात गेले नव्हते. प्रवाहाच्या मधल्या कातळावर उभे होते आणि पाणी भोवतीने वाढलं.

आपल्या कड्यांवर माती कमी, कातळ जास्त. पाऊस मुरत नाही, पडला की लगेच खाली येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वर चार किलोमीटरवर ढग रिकामा होत असेल. म्हणून डोळे पाण्यावर ठेवा. स्वच्छ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, किंवा आवाज जड झाला, की चपला शोधत बसू नका, काठावर या. आणि ज्या काठाने परतायचं आहे त्याच काठावर जेवायला बसा. हे शेवटचं कुणी पाळत नाही.

उलटी वाट म्हणाल तर आपली सांदण दरी. साम्रदहून आधी घळीत उतरायचं आणि त्याच वाटेने परत यायचं असेल तर दमल्यावर मोठमोठ्या धोंड्यांवरून वर चढायचं. कितीतरी लोकांना मी तिथे शेवटच्या तासात रडताना बघितलंय. उलट्या वाटेवर माझा नियम : निम्मी ताकद संपेपर्यंत थांबायचं नाही, एक तृतीयांश संपली की मागे वळायचं.

---

पक्षीवेडी

ओलीवाट, नदीत दगडावर बसून सारखा उठाबशा काढणारा करडा, गोलमटोल पक्षी दिसला का?

---

ओलीवाट

दिसला!! लोअर नॉर्थच्या आधी. लेक म्हणाली याला शाळेत शिक्षा झालीय. मग तो सरळ पाण्यात चालत गेला आणि गायब. आम्ही घाबरलो.

---

पक्षीवेडी

तो अमेरिकन डिपर. बुडाला नाही, पाण्याखाली तळाशी चालत किडे शोधतो. खळाळत्या, स्वच्छ पाण्यातच राहतो, धबधब्याच्या मागच्या कातळातसुद्धा शेवाळ्याचं घरटं करतो. सह्याद्रीत हा नाही, पण हिमालयातल्या ओढ्यांवर त्याचा तपकिरी भाऊ आहे, तोही असाच उठाबशा काढतो.

---

गुडघेदुखी_क्लब

बाबांच्या वयाचा आहे, म्हणून कामाचं विचारतो. काठ्या होत्या का? आणि फक्त एकच धबधबा मागून बघायचा असेल तर साउथ की नॉर्थ?

---

ओलीवाट

काका, काठ्या होत्या, पण बाबांनी ‘म्हातारा दिसतो’ म्हणून गाडीत ठेवल्या. परतीच्या पायऱ्यांवर एक नवऱ्याची, एक आईंची अशी दोन्ही वापरली. उतरताना काठीची उंची जरा वाढवायची, चढताना कमी करायची, हे आम्हाला नंतर कळलं.

एकच बघायचा तर नॉर्थ. पायऱ्या आहेत, पण अंतर कमी, मागची कपार सगळ्यात मोठी, गर्दी साउथपेक्षा कमी. आणि त्याच पार्किंगमधून उलट्या दिशेला अपर नॉर्थ फॉल्सला जवळजवळ सपाट वाट आहे. बाबांसाठी मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती. साउथ नावाजलेला म्हणून सगळे तिथे गाडी लावतात, आम्हीही लावली.

महिना म्हणाल तर एप्रिल-मे. उन्हाळ्याअखेर पाणी बारीक होतं, विंटर फॉल्स तर नावाप्रमाणे जवळपास आटतो. हिवाळ्यात पाणी भरपूर पण वाटेवर बर्फ साचून निसरडं. कुत्र्यांना घळीच्या वाटेवर परवानगी नाही, कुणी नेणार असेल तर.

---

प्रवरेकाठचा

आईंना सांगा, रंध्याची आठवण काढलीत, बरं वाटलं. पण आता तो धरणाच्या मर्जीवर. भंडारदऱ्यातून पाणी सोडलं की रंधा, नाहीतर नुसता कातळ. त्यांच्या लहानपणीही तसंच असणार म्हणा, धरण १९२६चं. त्या शेळ्या घेऊन कुठल्या अंगाला जायच्या?

---

ओलीवाट

विचारलं. म्हणाल्या, ‘रतनवाडीच्या अंगाला. आन् रंध्याला पाणी सोडल्याचं आम्हाला आवाजावरून कळायचं, सांगायला लागायचं नाही.’ मग अर्धा तास त्या शेळ्यांची नावं सांगत होत्या. सगळी इथे लिहीत नाही, पण एकीचं नाव ‘कलेक्टरीण’ होतं.

---

पोटोबा_बदलापूर

कलेक्टरीणवर वेगळा धागा हवा.

---

ओलीवाट

काल रात्री बाबांनी हा अख्खा धागा फोनवर वाचला, प्रतिसादांसकट. त्यांचे दोन आक्षेप आहेत आणि ते जसेच्या तसे टाकायला सांगितलेत.

एक, पाच मिनिटं उशीर झाला तर ते पोलिसात जात नाहीत. पंधरा मिनिटं वाट बघतात.

दोन, ती माकडटोपी नाही. कानटोपी आहे.

घाटवाट्यांचा ‘दोनला नाही तर तीनला’ हा नियम त्यांना पटला आहे. तो त्यांनी वहीच्या त्याच फाडलेल्या पानावर, टोपीच्या चित्राखाली लिहून फ्रीजवर लावलाय. पुढच्या शनिवारी मल्टनोमा फॉल्सला जायचं म्हणतात. काठ्या आत्ताच गाडीत नेऊन ठेवल्यात.